मानीबाईचे पाच हिस्से

पंधरा वर्षं आर्णीच्या बाजारात तुरीची डाळ घ्यायला येणाऱ्या बाया आधी एकच विचारत, तांड्यावरच्या मानीबाईची आहे का? हो म्हटलं की मूठ भरून पाहणं नाही, भाव करणं नाही, सरळ पिशवी पुढे. डाळीचा दाणा न् दाणा सारखा, कड कुठे मोडलेली नाही, शिजली की लोण्यासारखी. घरी एक दगडी जातं आणि मानीबाईचे दोन हात, एवढाच तिचा कारखाना. सासरी आली तेव्हापासून तिनं एक व्रत धरलं होतं. रोज आपल्या जात्यावरची मूठभर डाळ शिजवायची, निखाऱ्यावर तूप सोडून जगदंबेला भोग द्यायचा आणि तोवर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. भोगाच्या वेळी दारात जो कोणी असेल त्याला बसवून वाटीभर डाळ द्यायची, रिकामं पाठवायचं नाही. तापानं अंग फणफणत असतानाही तिनं यात खंड पडू दिला नव्हता.

म्हणून यंदाच्या जानेवारीत बचत गटाच्या बैठकीत तिची धाकटी जाऊ रंजिता उभी राहिली आणि म्हणाली की मला डाळ काढायची मशीन टाकायची आहे, नव्वद हजारांचं कर्ज पाहिजे, तेव्हा मानीबाईला पुढ्यातलं ताट कुणी ओढून नेल्यासारखं झालं. तिनं मान खाली घातली आणि सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसली.

रंजिता बारावी शिकलेली. बँकेच्या साहेबासमोर खुर्चीत बसून बोलायची, आणि साहेबही तिला बसा म्हणायचा. दोघी जावांच्या घरांत एकच भिंत होती. सासू लालीबाई आधी भिंतीच्या या बाजूला टेकून बसायची, आताशा त्या बाजूला. सकाळचा चहाही तिकडेच. हे सगळं मानीबाईनं सोसलं होतं. पण डाळ? डाळ तर तिची होती. मशीन घेऊ का, असं एका शब्दानं तरी रंजितानं आधी विचारायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.

गटात दहा बाया, काही तांड्यावरच्या, काही नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या. बँक एकेकीला ओळखत नाही, गटाला ओळखते. एकीनं बुडवलं तर बाकी नऊजणींनी भरायचं. नव्वद हजार म्हणजे डोईवर दहा हजार. सगळ्यांत म्हातारी सुखीबाई तर ऐकूनच घाबरली. "माह्यापाशी दोन शेळ्या हायेत अन् मरणासाठी ठेवलेलं एक लुगडं," ती म्हणाली. "यातलं काय देऊ बाप्पा बँकेले?"

बाया हसल्या, पण भीती सगळ्यांनाच होती. तेव्हा वस्तीतली कांताबाई पुढे सरकली. कांताबाईचा नवरा राजूरच्या कोळशाच्या खाणीत होता. तो गेल्यावर ती माहेरच्या गावी येऊन राहिली होती. पेन्शन येत होती, पोस्टात थोडी रक्कम होती. तोंडात दात एक नव्हता, कवळी डब्यात पडलेली, आणि सुपारी खलबत्त्यात कुटून खायची सवय. ती म्हणाली की राजूरला आमच्या क्वार्टरमध्ये भिशी चालायची, तिथं एक पद्धत होती. जिचा भरवसा वाटत नाही तिची जोखीम एखादी बाई आपल्या अंगावर घ्यायची आणि त्याचे पैसे घ्यायची. रंजिताची जोखीम मी घेते. प्रत्येकीनं आपल्या हिश्शामागे महिन्याला पन्नास रुपये मला द्यायचे. रंजिताचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती बुडाली असं धरायचं, आणि मग तुमच्या वाट्याचे दहा हजार मी भरायचे. नाही बुडाली, तर दोन वर्षांचे पन्नास-पन्नास माझे.

सुखीबाईनं तिथल्या तिथे कनवटीचे पन्नास काढून दिले आणि त्या दिवशी पोटभर जेवली. बाकीच्यांनीही घेतला एकेक हिस्सा. कागद लिहायचा कुणी, हा प्रश्न आला, तर रंजिताच हसत पुढे झाली. "आणा, माह्या बुडण्याचा कागद मीच लिहिते," म्हणाली. तिचं अक्षर मोत्यासारखं. मानीबाईला त्या अक्षराचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मानीबाई एकटीच नाला ओलांडून कांताबाईकडे गेली. कांताबाई ओट्यावर सुपारी कुटत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग मानीबाई म्हणाली, "मले पाच हिस्से पाहिजेत."

"तुह्या डोक्यावर तर एकच हाय व."

"असू दे. चार वरचे. पैसे देईन ना मी."

कांताबाईचा हात खलबत्त्यातच थांबला. "म्हणजे रंजिता बुडाली तर तुले पन्नास हजार. दहा बँकेत, चाळीस तुह्या घरात."

मानीबाई शेणानं सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिली. कांताबाईनं एवढंच विचारलं की हे कुणाला सांगायचं नाही ना, आणि मानीबाईनं मान हलवली. चांदीच्या कड्यांसाठी डाळीच्या कमाईतून साठवलेले पैसे होते, त्यातले अडीचशे तिनं मोजून ठेवले आणि घरी आली. वाटेत ती स्वतःला समजावत होती की ही नुसती खबरदारी आहे, आपल्या माणसाची काळजी आपण नाही करायची तर कुणी करायची. पण संध्याकाळी दिवा लावून हात जोडले, तेव्हा देवीकडे काय मागायचं ते ओठांवर येईना. जे मनात होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. ती तशीच उठली.

फेब्रुवारीत मशीन आली. लखननं, रंजिताच्या नवऱ्यानं, अंगणात पत्र्याची शेड टाकली. नारळ फुटला, लालीबाईनं मशीनला हळदकुंकू लावलं, आणि घरघर सुरू झाली. भिंत एकच असल्यामुळे मानीबाईच्या भांड्यांच्या फळीवरचे पेले त्या आवाजानं किणकिणायचे. मशीन जितका वेळ चाले तितका वेळ तिला घास गिळवत नसे. बंद असली की दोन भाकरी जास्त जात.

पण पहिल्या दिवशीच तिनं एक गोष्ट ओळखली होती. जातं ओढून ओढून तिच्या कानाला तूर कळायची. तो आवाज कच्च्या तुरीचा होता. रंजिता तुरीला तेल चोळून अर्धा दिवस उन्हात टाकायची आणि घाईनं मशीनमध्ये ओतायची. साल सुटायचं नाही, मग तीच तूर पुन्हा घालायची, आणि डाळ मोडायची. क्विंटलभर तुरीतून धड डाळ जेमतेम अर्धी, बाकी सगळी चुनी. तांड्यावरच्या म्हशी त्या महिन्यात चुनी खाऊन गुटगुटीत झाल्या. आर्णीच्या दुकानदारानं दोन पोती परत पाठवली. मशीन विकणारा येऊन स्क्रू आवळून गेला, फरक नाही. फेब्रुवारीचा हप्ता रंजितानं पदरमोड करून भरला. मार्चचा राहिला. तो गटाच्या बचतीतून तात्पुरता भरला गेला.

एकदा रंजिता भिंतीच्या टोकाशी येऊन उभी राहिली आणि विचारू लागली की जाऊबाई, जवसाचं तेल तुम्ही किती लावता. "हाताले लागंन तेवढं," मानीबाई म्हणाली. उत्तर खरं होतं आणि काही कामाचं नव्हतं. रंजिता आली तशी परत गेली. मानीबाईला दोन दिवस त्या उत्तराची गोडी पुरली. तिसऱ्या दिवशी मात्र डाळ निवडताना ते आठवलं आणि तोंड उगीच कडू झालं.

एप्रिलचाही हप्ता राहिला. आता पुढचा दहा मेला. तो चुकला की तीन झाले. चाळीस हजारांचं काय करायचं ते मानीबाईनं ठरवून टाकलं होतं. बुडालेल्या माणसाची मशीन निम्म्या किमतीत मिळते. तीच मशीन भिंतीच्या या बाजूला येईल, आणि सासूबाईंची टेकायची जागाही. रंजिता विहिरीवर भेटली की तिचे खोल गेलेले डोळे पाहून मानीबाई नजर दुसरीकडे न्यायची, आणि घरी आली की दिवस मोजायची.

याच दिवसांत कांताबाईनं तिच्या दारात यायला सुरुवात केली. बरोबर भोगाच्या वेळी. रोज. नाला ओलांडून, काठी टेकत. मानीबाईला नवल वाटलं, मग संशय आला, पण करणार काय? त्या वेळी दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही हे तिचंच व्रत. कांताबाई उंबऱ्याशी बसे. वाटीतली डाळ तिच्या हिरड्यांना चांगली सोसे. राजूरच्या गप्पा सांगे, कुणाच्या सुनेनं कोळशाच्या पोत्यात काय लपवलं, कुठल्या साहेबाची बायको कुणाबरोबर सिनेमाला गेली. विचारत काहीच नसे. डोळे मात्र अंगणात फिरत असत. कुठे तेल चोळलेली तूर पसरली आहे, कुठे सांजच्याला पाणी शिंपडून ढीग केला आहे, त्यावर ओलं गोणपाट किती थरांचं, किती दिवसांनी पुन्हा ऊन.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मानीबाईचा हात जात्याच्या खुंट्यावरच थांबला. भिंतीपलीकडचा आवाज बदलला होता. सगळाच्या सगळा नाही, पण बदलला होता. ती बाहेर आली. रंजिताच्या अंगणात नवी निळी ताडपत्री होती, तिच्यावर तेलानं चमकणारी तूर, आणि कडेला ढीग, ओल्या गोणपाटाखाली. दुहेरी. अगदी तिच्यासारखा.

ती तशीच तडक वस्तीत गेली.

"कांताबाई, माह्या उंबऱ्यावर बसून माह्या देवीची डाळ खाल्ली तुमी, अन् माहंच चोरून नेलं?"

कांताबाईनं खलबत्ता बाजूला ठेवला. "बस," म्हणाली. मानीबाई बसली नाही.

"पाह्य, सगळ्या बायांनी एकेक हिस्सा घेतला, तो भेवानं," कांताबाई शांतपणे सांगू लागली. "तू पाच घेतले. भेवानं कोणी पाच घेत नाई, मानी. मंग मी इचार केला, मशीनवाल्याले जे उमजलं नाई ते हिले ठाऊक हाय. रंजिता कुठं चुकणार हे हिले पहिलेच दिसून राह्यलं. तुह्या त्या वरच्या दोनशे रुपयानं मले सांगितलं. तू तोंडानं बोलली असती तर मले येवढा नाला ओलांडा लागला नसता."

मानीबाईला ताडपत्री आठवली. "अन् ते ताडपत्री? कोणाच्या पैशाची?"

"तुह्याच. तुह्या, सुखीबाईच्या, सगळ्यांच्या. कर्ज नव्वद हजाराचं, अन् तुह्या त्या चार हिश्शांपायी माह्यावर जोखीम एक लाख तीस हजाराची. तिले बुडू देण्यापेक्षा ताडपत्री सस्ती पडते बाप्पा."

घरी येईपर्यंत मानीबाईच्या कानशिलांतून आग निघत होती. आपण भरलेल्या पैशांवर जावेची तूर वाळते आहे. उद्यापासून जातंच बंद करावं असंही मनात आलं. पण व्रत मोडण्याचं धाडस झालं नाही. आणि मग संध्याकाळी दिव्यासमोर बसल्या बसल्या तिला एक आठवलं, आणि राग हळूहळू निवला. कांताबाईनं सगळं पाहिलं होतं, एक सोडून. तूर जात्यात घालायजोगी झाली का ते मानीबाई दाणा दाताखाली धरून ओळखायची. पण भोगाआधी तोंडात काही घालायचं नाही, म्हणून ते काम दुपारचं, कांताबाई वाटी धुऊन निघून गेल्यानंतर. आणि बिनदाताच्या बाईला चावण्याचं काय कळणार? रंजिताची डाळ बरी होईल, चांगली होणार नाही. मानीबाईला त्या रात्री झोप लागली.

मेच्या पहिल्या आठवड्यात घाटंजीकडच्या एका लग्नघरचा माणूस रंजिताकडे आला. दीड क्विंटल डाळ, नऊ तारखेला पोचती करायची, पैसे रोख. तिन्ही हप्ते एकदम भरता येतील एवढं काम. हे मानीबाईला सासूकडून कळलं. लालीबाई बऱ्याच दिवसांनी या बाजूला येऊन टेकली होती, आनंद एका घरात मावत नव्हता म्हणून. सांगता सांगता ती म्हणाली, की तो माणूस म्हणे, आमच्याकडे मानीबाईच्या हातासारखीच डाळ लागते. तर रंजितानं काय सांगावं, ती माझी जाऊच आहे, डाळ तिच्याच पद्धतीची आहे, डोळे झाकून न्या.

मानीबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

त्यानंतरचे दोन दिवस आभाळ आलं. अवकाळी ढग, ऊन मधूनमधून डोकावणारं. सात तारखेला मानीबाईचा भोग आटोपला, पहिला घास तोंडात गेला, आणि पलीकडे मशीन सुरू झाली. पहिल्या घमेल्याचा आवाज आला मात्र, तिनं घास तसाच ताटात ठेवला. कच्ची होती. दीड क्विंटल कच्ची तूर, आणि जाणार मानीबाईच्या नावानं. घाटंजीच्या पंगतीत हजार माणसं चुनी चिवडत म्हणणार, काय बाई, मानीबाईच्या हाताला काय झालं.

ती उठली. काही न करता तीन दिवस बसून राहिली तर चाळीस हजार तिचे होते, हे तिला ठाऊक होतं. ते ठाऊक असतानाच ती भिंतीला वळसा घालून गेली.

शेडमध्ये रंजिता, लखन, लालीबाई आणि कडेला पोत्यावर कांताबाई. सगळे तिच्याकडे बघत राहिले, कारण मशीन आल्यापासून तिनं या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. मानीबाईनं ढिगातला एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरला. वाजला नाही. दबला.

"बंद कर," ती म्हणाली.

"जाऊबाई, परवा पोचती करायची हाय."

"बंद कर म्हटलं ना. अजून एक ऊन पाहिजे हिले. आज घातली तर अर्धी चुनी होईन, अन् नाव माहं जाईन."

लखननं बटण दाबलं. एकदम शांत झालं. मानीबाईनं रंजिताच्या हातावर दाणा ठेवला. "दाढेखाली धर. कट् वाजलं पाहिजे. दबला तर ऊन कमी. भुगा झाला तर पाणी कमी." रंजितानं धरला. मान हलवली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग तिचे डोळे भरले.

"हे मले आधी काहून नाई सांगितलं?"

"तू मले आधी काहून नाई इचारलं? मशीन घ्याच्या आधी?"

रंजिता खाली बसली आणि म्हणाली की मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. मानीबाई म्हणाली, "म्हटलंच असतं." आणि गोणपाटाची एक कड उचलून ढीग मोकळा करायला लागली. लालीबाई दुसऱ्या बाजूनं आली. कांताबाई पोत्यावर बसूनच होती. तिच्या बोळक्या तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला.

संध्याकाळी आर्णीच्या बाजूला पुन्हा आभाळ भरून आलं. मानीबाईनं दिवा लावला, हात जोडले. चार महिने जिथं तिची वाचा बसत होती, तिथं आज बोलता आलं. माय, उद्या ऊन पडू दे, एवढंच ती म्हणाली. कुणासाठी ते सांगितलं नाही. मग उठून रंजिताच्या अंगणात गेली आणि वाऱ्यानं उडू पाहणाऱ्या निळ्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर एक दगड ठेवून आली. ताडपत्रीत तिचे पैसे होते.

आठ तारखेला ऊन पडलं. नऊला डाळ गेली. दहाला रंजितानं गटाच्या बैठकीत तिन्ही हप्त्यांचे पैसे मांडले आणि सुखीबाईनं आनंदानं सगळ्यांना गूळ वाटला. घाटंजीहून निरोप आला होता की डाळ अगदी मानीबाईच्या हातची निघाली. रंजितानं तो निरोप सगळ्यांसमोर सांगितला, मानीबाईकडे बघून. मानीबाईनं गुळाचा खडा घेतला आणि तोंडात न टाकता पदराला बांधला.

बैठक उठल्यावर कांताबाईनं तिला नाल्यापर्यंत सोबत चल म्हटलं. दोघी चालू लागल्या. वाटेत कांताबाईनं कनवटीचे पैसे काढले आणि हळूच म्हणाली की ते चार वरचे हिस्से मी परत घेते, आतापर्यंतचे पैसेही देते, गोष्ट मिटवून टाकू.

मानीबाई थांबली. मागे रंजिताच्या शेडचा पत्रा उन्हात चमकत होता, आणि शेडपुढे लालीबाई खाट टाकून बसली होती, पाठ मानीबाईच्या घराकडे. मशीन सुरू झाली. मानीबाईनं कान दिला. आवाज चांगला होता. तिच्याच जात्यासारखा भरीव, एकसुरी. तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून आतून काहीतरी पुन्हा डसलं.

तिनं आपल्या कनवटीचे या महिन्याचे अडीचशे काढले आणि कांताबाईच्या हातावर ठेवले.

"राहू द्या," ती म्हणाली. "अजून वीस हप्ते हायेत."